एका हाताने कापूस वेचणारी बाई

माझ्या मायने माझ्या घरात पाय ठेवला तो अट घालूनच. "आठ दिवस राहीन. नववा नाही. नवव्या दिवशी गाडीत नाही बसवलं त पैदल निंगून जाईन, मंग मले नको म्हणजो," असं म्हणत तिने हातातली कापडी थैली दारामागच्या खिळ्याला लटकवली. पोरगा पुण्याला शिकायला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. मी तिच्यासाठी कपाटाचा एक अख्खा कप्पा मोकळा केला होता, खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. तिने कप्प्याकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "थैलीतलं थैलीत बरं." मग रोजचा क्रम तोच. आंघोळ झाली की थैलीतून लुगडं काढायचं, कालचं वाळलं की घडी करून परत थैलीत. एस.टी. स्टँडवर बाई जशी गाडीची वाट पाहत बसते, तशी ती माझ्या घरात बसली होती.

मला ती कायमची हवी होती. सरळच सांगते, आढेवेढे कशाला. उंद्रीच्या पलीकडे पक्की सडक सोडून आत गेलं की आमचं खेडं. बाबा गेले तेव्हापासून माय तिथे एकटी. दोन एकर आमचं, पण तिने जन्मभर वेचला तो बहुतेक दुसऱ्यांचाच कापूस. दसरा झाला, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, फुटली, शेतं पांढरी दिसायला लागली की तिच्या अंगात वारं शिरतं. यंदा मात्र पहिल्याच वेचणीला ती शेतात खाली बसली ती उठेचना. शेजारणीने मला फोन केला. मी कचेरीत रजा टाकून धावत गेले, तर ही खाटेवर बसून बशीतला चहा ओढत होती. "ऊन लागलं," म्हणाली. दिवाळीच्या तोंडावर कसलं आलंय डोंबलाचं ऊन! शेजारीण मागून मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती आणि माय तिच्यावर डोळे वटारत होती. मी दोघींचंही ऐकून घेतलं नाही. माझा स्वभावच तसा, डोकं तापलं की कान बंद. थैली भरायला लावली, तिला गाडीत घातलं आणि घेऊन आले. कचेरीत बसलेली असताना मोबाईलवर गावाकडचा नंबर दिसला की मी हातातली फाईल टाकून बाहेर धावते. ती धावपळ मला आता नको होती.

मी राहते त्या शहराचं नाव मी सांगणार नाही. बुलडाणा जिल्ह्यातलंच आहे, एवढं पुरे. पुढे मायच्या तोंडून जे जे निघालं ते एखाद्या गावाच्या माथी कशाला मारा. तर आमच्या या शहराला एक तलाव आहे आणि त्याच्या काठी अलीकडे एक बगीचा झालाय. बगीच्यात कारंजं आहे, ते उद्घाटनाच्या दिवशी उडालं होतं. बदकाच्या आकाराच्या तीन होड्या आहेत. त्यातल्या एका बदकाची मान मोडली, म्हणून त्या होडीला लोक कासव म्हणतात. 'फुले तोडू नयेत' अशी मोठी पाटी आहे, फुलं मात्र अजून यायची आहेत. पण दिवाळीच्या सुमाराला तलाव भरलेला असतो, वारा सुटलेला असतो, संध्याकाळी बसायला बरं वाटतं. आणि या सगळ्याच्या मधोमध, पाण्याकडे पाठ करून, चौथऱ्यावर उभी आहे ती. कापूस वेचणारी बाई. माणसाच्या दीडपट उंच आणि पांढरीफटक. आमच्या भागाची ओळख म्हणून तिला उभी केलीय. पाहुणे आले की लोक आधी तिच्यापुढे त्यांचा फोटो काढतात आणि मगच घरी चहाला नेतात. पत्ता सांगायचा तर 'कापूसवालीच्या मागची गल्ली' असा सांगतात.

माझा डाव साधा होता. आपण जन्मभर जे काम केलं त्याचा एवढा मोठा पुतळा शहराने उभा केलाय, हे पाहिलं की मायचा ऊर भरून येईल. शहर तिला आपलं वाटेल, आणि थैली खिळ्यावरून उतरेल. चौथ्या दिवशी रविवार होता. मी तिला काही न सांगता रिक्षात बसवलं. तिच्याकडे पाहून माझेच डोळे भरून येतील म्हणून पर्समध्ये धुतलेला रुमालही टाकला.

माय पुतळ्यासमोर उभी राहिली. वर पाहिलं. मी रुमाल हातात घेतला. मग ती पुतळ्याभोवती फिरायला लागली, बाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस फिरतो तशी. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, पुन्हा बाजूने पाहिलं. समोर येऊन थांबली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली,

"हे कोण्या साहेबाची बायको आहे व?"

रुमाल परत पर्समध्ये गेला.

"माय, कापूस वेचणारी आहे ती. तुझ्यासारखी."

"माह्यासारखी?" हे ती एवढ्या जोरात म्हणाली की कासवात बसलेलं जोडपंही वळून पाहायला लागलं. "हे वेचून राह्यली? एका हातानं? दुसरा हात काऊन रिकामा आहे हिचा? अन् कमरेवर टोपली! टोपलीत कोण वेचते व कापूस? वारा आला की गेला शेतभर उडत. अन् हे पाह्य, हे पाह्य, अख्खं बोंड तोडलं हिनं, देठासगट! कापूस वेचून राह्यली का गुलाब तोडून राह्यली? अन् पाहून कुठी राह्यली? आभायाकडं! वेचतानी आभायाकडं पाह्यलं त बोंडाचं टोक नखात घुसते, नखात!"

"हळू बोल ना माय, लोक पाहतात."

"पाहू दे. लोकाइनंच पाह्यलं पाह्यजे."

पाहतच होते लोक. भेळ खाता खाता दोन कुटुंबं सरकत सरकत आमच्याकडे आली. मायने एक पाय चौथऱ्याच्या पायरीवर ठेवला तशी शिट्टी वाजली. शिट्टीच्या मागून बगीच्याचे राखणदार आले. साठीचे गृहस्थ, दाढी मेंदीने लाल केलेली. सगळं शहर त्यांना चाचा म्हणतं.

"मावशी, वर नका चढू. साहेब लोक मले बोलतात."

"साहेब लोकाइलेबी बोलवा इथी," माय म्हणाली. "तुमीच सांगा भाऊ, कापूस टोपलीत वेचतेत का?"

चाचांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग पुतळ्याकडे, मग आवाज खाली आणला. "मी बीस साल सरकी काढायच्या जिनिंगमध्ये होतो मावशी. लाखो बोंडांचा कापूस हातातून गेला. हिले गाडीतून उतरवलं त्याच दिवशी मले समजलं, ये बाई अपनी नहीं. पन मले कोन विचारते?"

झालं. मायला साक्षीदार भेटला. तिने चाचांच्या खांद्यावरचा गमछा मागून घेतला. "हे असं बांधा लागते," म्हणत दोन टोकं कमरेमागे, दोन टोकं मानेमागे गाठ मारून पोटाशी मोठी झोळी केली. मग तिने बाजूच्या मेंदीच्या कुंपणाची पऱ्हाटी केली आणि वेचायला सुरुवात केली. तिचे दोन्ही हात कसे चालतात ते मी लहानपणी पाहिलं होतं, विसरून गेले होते. डावा हात एका बोंडावर, उजवा दुसऱ्यावर, डोळे तिसऱ्यावर. बोंडाचं कवच झाडालाच राहतं, हातात नुसता कापूस येतो, आणि तो झोळीत कधी गेला ते दिसत नाही. कॉलेजची पोरं मोबाईल काढून उभी राहिली. "आजी, अजून एकदा!" आजी अजून एकदा. वरची बोंडं झाली, मधली झाली, मग खालच्या बोंडांसाठी ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. एक हात तिने मागे चौथऱ्यावर टेकला. चाचांनी लगबगीने आपली प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. माय तीत बसली, हसली आणि म्हणाली, "खालचे बोंडं उद्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तिने तो चौथरा किती घट्ट धरला होता ते मी पाहिलं होतं, पण पाहून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आले तर ही चप्पल घालून दारात उभी. "चाल, पाठीमागून नीट पाहायचं राह्यलं."

त्या दिवशी पदर निघाला. पऱ्हाटीत पदर असा मोकळा सोडला तर तो काड्यांना अटकून टर्रकन फाटतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी बांगड्या. तिसऱ्या दिवशी पाय. "अनवाणी! विंचूकाट्याचं काय? बाईचे पाय पाह्य, भेग नाही एक." मग शर्ट. आमच्याकडे वेचणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात, नाहीतर हात ओरबाडून निघतात. पुतळ्याला शर्ट नव्हता, हा मायच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा. नववा दिवस आला. मी कॅलेंडरकडे बघायचंच टाळलं. माय म्हणाली, "आज तिच्या डोक्याचं पाहू." डोक्याला फडकं नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण मी मुद्दाम बोलले नव्हते. राखून ठेवलं होतं.

खरं सांगते, त्या दिवसांत मी त्या न पाहिलेल्या मूर्तिकाराला रोज मनातून आशीर्वाद द्यायची. बापा, तू एवढ्या चुका केल्या म्हणून माझी माय टिकली. सगळं बरोबर केलं असतं तर ती एकदा पाहून "बरं आहे" म्हणाली असती आणि नवव्या दिवशी गाडीत बसली असती. दोन आठवड्यांत तिच्या बाकावर चार म्हाताऱ्या जमायला लागल्या. सगळ्यांचे जन्म शेतात गेलेले, सगळ्या सुनांच्या नाहीतर पोरींच्या घरी येऊन पडलेल्या. संध्याकाळी त्या पुतळ्यासमोर बसायच्या आणि तिला नावं ठेवायच्या. सासू सुनेला ठेवणार नाही इतकी. चाचा मध्येच येऊन जिनिंगमधलं काहीतरी सांगून जायचे. घरी माय दोन घास जास्त जेवायला लागली होती. थैली मात्र खिळ्यालाच.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने निघताना थैलीतून एक घडी काढली. मी पाहिलं आणि माझं तोंड उतरलं. ते तिचं वेचणीचं फडकं होतं, पोटाशी झोळी बांधायचं. बाबांच्या जुन्या धोतराचं दुपदरी शिवलेलं, कडेने लाल दोरा घातलेलं, सरकीच्या तेलाने पिवळं पडलेलं. म्हणजे येताना ही वेचणीचं फडकं घेऊनच आली होती. आठ दिवस माझ्या तोंडाकडे पाहून राहायचं आणि इथून सरळ शेतात जायचं, असा बेत.

"हे काऊन आणलं व तू?" राग आला की मीही गावच्या बोलीत येते.

"असू दे," ती म्हणाली. "चाल."

बगीच्यात गेल्यावर तिने चाचांकडून दिवे बदलायची शिडी मागवली. चाचा नाही नाही म्हणत वर चढले आणि माय खालून हुकूम सोडत राहिली, "वर, अजून वर, आता मागं वढा." पुतळ्याच्या कमरेला नाड्या पुरेनात, म्हणून चाचांनी खिशातली सुतळी जोडली. गळ्यामागे गाठ बसली, पोटाशी झोळी सुटली, टोपली फडक्याखाली झाकली गेली. माय दहा पावलं मागे गेली आणि तिने पहिल्यांदाच पुतळ्याकडे बऱ्या नजरेने पाहिलं.

"आता कशी कामाची दिसते."

"साहेबांनी विचारलं त?" चाचा वरून म्हणाले.

"हवेनं आलं म्हणून सांगजा."

त्यानंतर मला ताप भरला. चांगले पाच दिवस मी आडवी. माय उशाशी बसून होती, पेज भरवत होती, कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि अधूनमधून "तिच्या अंगात शर्टबी पाह्यजे होता" असं पुटपुटत होती. सहाव्या दिवशी संध्याकाळी मला जरा हुशारी वाटली, तशा आम्ही दोघी निघालो. बगीच्याच्या फाटकातच चाचा भेटले. चेहरा रडवेला, हातात खराटा.

"मावशी, बांधलं तुमी अन् फसलो मी!"

पुढे जाऊन पाहिलं आणि माय जागच्या जागी थांबली. पुतळ्याच्या कमरेला आता मायचं एकटं फडकं नव्हतं. त्याच्याखाली आणखी सहा-सात फडकी बांधलेली. पायांवर हळदकुंकू, हिरवा खण, बांगड्या, उदबत्त्यांची राख, नारळाच्या शेंड्या. आणि चौथऱ्यावर द्रोणच्या द्रोण दहीभात. दोन कुत्री निवांत जेवत होती.

काय झालं ते चाचांनी सांगितलं. तलावाच्या काठच्या रस्त्याने रोज सकाळी वेचणीच्या बायांचे टेम्पो जातात. इतके दिवस त्या बायांनी पुतळ्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. फडकं दिसलं आणि एक टेम्पो थांबला. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतातल्या एखाद्या पऱ्हाटीजवळ दहीभात ठेवतात आणि मगच कापसाला हात लावतात. त्याला सीतादही म्हणतात. त्या बायांना वाटलं, कोणीतरी या बाईची सीतादही सुरू केलीय, म्हणून तिला फडकं चढवलंय. त्यांनी आपल्या डब्यांतला दहीभात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरा टेम्पो थांबला. तिसऱ्या दिवशी नारळ आले.

"मी मुसलमान मानूस," चाचा कळवळून म्हणाले, "सकाळपासून शेंड्या झाडून राह्यलो. काल एक बाई म्हने, पुजारीबुवा, तीर्थ द्या!"

मला हसू आवरेना. माय मात्र मटकन बाकावर बसली. "माय व! म्या देवी करून ठेवली!"

तिचं दुःख समजून घ्या. आम्ही बौद्ध. आमच्या घरातला देव्हारा आजोबांच्या काळातच उठला. माय पौर्णिमेला विहारात जाते आणि एरवी नवसबिवस म्हणणाऱ्या बाईला उभ्या उभ्या सोलून काढते. गावात कोणी लिंबू-मिरची टांगली की तोडून चटणी करते. शेतमालकाच्या शेतात सीतादही असली की दहीभात खायला पहिली बसायची आणि दही आंबट होतं म्हणून सांगायची. अशा बाईच्या हातून भर शहरात, तलावाकाठी, एक नवी देवी उभी राहिली होती.

"ताई, तुमी घ्या नारळ इकडं," चाचा मला म्हणाले. मी नारळ गोळा करायला लागले. माय उठली, तरातरा पुतळ्याकडे गेली आणि खालचं पहिलं फडकं सोडायला हात घातला.

तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला. परतीचा. त्यातून एक बाई उतरली, पन्नास-पंचावन्नची, लुगड्यावर पुरुषाचा शर्ट, डोक्याला फडकं. लंगडतच आली, चौथऱ्याला टेकली आणि पुतळ्याच्या गुडघ्यावर तळवा ठेवून डोळे मिटून उभी राहिली. मायचा पारा चढलाच होता.

"काय मागून राह्यली व बाई? सिमेटाची आहे ते."

बाईने डोळे उघडले. रागावली नाही. "लय नाही मावशी. एवढा हंगाम गुडघे चालू दे, एवढंच. दोन महिने झाले, बसलं की उठणं होत नाही. घरी सांगतलं त पोरगा कामावर जाऊ देणार नाही."

"अन् इथीच काऊन? देवळं काय कमी आहेत शहरात?"

"तथी देवी शालूत असते," बाई म्हणाली. "हिच्या कमरेले वेचणीचं फडकं दिसलं. वाटलं, हिले समजन."

मायचा हात फडक्याच्या गाठीवर होता तो तिथेच राहिला. आता ही बाईला झोडणार, म्हणून मी दोन नारळ छातीशी धरून पुढे झाले. पण माय चौथऱ्याला धरून हळूहळू खाली टेकली, त्या बाईच्या शेजारी.

"खालच्या बोंडासाठी वाकलं की आधी डावा जाते ना?" तिने विचारलं.

"हाव."

"मंग उजव्यावर जोर देता देता तोबी जाते."

"हाव मावशी. तुमाले कसं माहीत?"

"माहे दोन्ही गेले," माय म्हणाली. "यंदा पहिल्याच वेचणीले खाली बसली ते उठली नाही. चार बायाइनं उचलून बांधावर आणलं मले. लेकरावानी रडली मी. अन् पोरीले सांगतलं, ऊन लागलं."

मी तिच्यापासून तीन हातांवर उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला चौथऱ्याला हात टेकताना मी पाहिलं होतं, पायरी चढताना भिंत धरताना पाहिलं होतं, शेजारणीने डोळ्यांनी खुणावलं तेही पाहिलं होतं. सगळं पाहून मी बदकांवर विनोद करत बसले होते. मला माझीच लाज वाटली, आणि तिचा असा राग आला की हातातला नारळ तिथेच फोडावासा वाटला.

"हे काही करत नाही बाई," माय पुतळ्याकडे बोट दाखवून सांगत होती. "हिचे गुडघे तेवढे चांगले, काऊन की हे कधी वाकलीच नाही. तू दवाखान्यात जाय. पोराले सांग."

ती बाई आपला गुडघा चोळत राहिली. मग तिने सरळ विचारलं, "तुमी सांगतलं का पोरीले?"

मायने पदराने तोंड पुसलं. "आता सांगतलं न," ती म्हणाली. "ते तथी नारळ घेऊन उभी आहे न, ते माही पोरगी."

बाईने वळून माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? नारळासकट हात जोडले.

मग मायने चाचांना शिडी आणायला लावली आणि आपलं फडकं सोडवून घेतलं. झटकलं, चार पदरी घडी केली आणि त्या बाईच्या हातात दिलं. "घे. मजबूत आहे, माह्या मालकाच्या धोतराचं आहे. उभ्यानं जेवढं जमते तेवढंच वेचजो. खालचे बोंडं जवान पोरींले सोड."

"तुमाले नाही लागन का मावशी?"

"मले आता कुठी लागते," माय म्हणाली.

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. बाई फडकं छातीशी धरून लंगडत गेली. चाचांनी बाकीची फडकी सोडली, पण फेकली नाहीत, धुऊन ठेवतो म्हणाले, कोणी मागायला आलं तर. मायच्या सांगण्यावरून त्यांनी एका फळीवर खडूने लिहून चौथऱ्याला लावलं, 'ही देवी नाही. मजूर बाई आहे. नारळ फोडू नये.' फळी अजून आहे. नारळ कमी झाले. टेम्पो मात्र अजून थांबतात, बाया उतरतात आणि त्यांच्यातली एखादी पुतळ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून जाते. चाचा म्हणतात, तेवढ्याला मी शिट्टी मारत नाही.

रिक्षात मी रस्त्याकडे तोंड करून बसले. घरात शिरल्या शिरल्या मात्र फुटले. "मला का नाही सांगितलं? मी काय परकी आहे? रस्त्यावरच्या बाईला सांगता येतं आणि पोटच्या पोरीला नाही?"

"तुले सांगतलं असतं त तू मले ठेवून घेतलं असतं," ती म्हणाली.

"मग? ठेवूनच घ्यायचं होतं मला!"

"म्हणूनच त नाही सांगतलं. गुडघे गेले म्हणून पोरीच्या घरी येऊन पडली, असं राहायचं नव्हतं मले."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. परत आले तर पोराच्या खोलीचं दार उघडं होतं आणि खिळा रिकामा होता. माय कपाटासमोर उभी. थैली पलंगावर, तीतलं सगळं बाहेर काढलेलं. दोन लुगडी, एक फणी, बाबांचा फोटो, त्यांच्या चष्म्याचं घर. लुगडी हातात घेऊन ती कप्प्याकडे पाहत होती, पहिल्या दिवशी पाहिलं तसंच नाक मुरडून.

"अशी उभी काऊन राह्यली?" माझ्याकडे न पाहता ती म्हणाली. "हे गोया काढ अदुगर. माह्या लुगड्याले जन्मभर डांबराचा वास येत राहीन."

मी गोळ्या वेचायला लागले. एकेक. डोळ्यांसमोर सगळं पुसट झालं होतं, त्यामुळे कोपऱ्यातल्या सापडेनात.

"दोन्ही हातांनं वेच व," माय मागून म्हणाली. "तिच्यासारखी काय करून राह्यली?"